वजनाच्या पायऱ्या

१७११ सालच्या जुलै महिन्यात 'द स्पेक्टेटर' या लंडनच्या दैनिकात जोसेफ ॲडिसनने व्यायामावर एक लेख लिहिला. त्यातला निवेदक सांगतो की शहरात असलो की घोड्यावर रपेट मारायची सोय नसते, म्हणून रोज सकाळी तासभर मी माझ्या खोलीच्या कोपऱ्यातल्या 'डंब बेल'वर व्यायाम करतो. या वस्तूचा त्याला सगळ्यांत आवडणारा गुण म्हणजे ती अजिबात आवाज करत नाही. घरमालकीण आणि तिच्या मुलींना त्याची वेळ पाठ झाली आहे. त्या तासाभरात कुणी खोलीत डोकावत नाही.

भाड्याची खोली, घरमालकीण, आवाजाची काळजी, आणि एका कोपऱ्यात मावेल एवढंच सामान. तीनशेहून अधिक वर्षं झाली, पण पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाही हा माणूस शेजारचाच वाटेल.

'डंब' म्हणजे मुकी. चर्चमधली मोठी घंटा दोर ओढून वाजवायला बरीच ताकद लागते. घंटा काढून टाकली आणि ओढण्याची कसरत तेवढी ठेवली, तर उरते ती मुकी घंटा. पुढे हे नाव दोन टोकांना वजन असलेल्या आखूड दांड्याला चिकटलं. गंमत म्हणजे ॲडिसनच्या त्याच लेखात तसा दांडाही आहे. दोन आखूड काठ्या, दोन्ही टोकांना शिसं भरलेलं, त्या दोन हातांत धरून स्वतःच्या सावलीशी लढायचं. हा प्रकार त्याला एका जुन्या लॅटिन ग्रंथात सापडला होता. म्हणजे घरात वजनं उचलण्याची कल्पना त्याच्या काळातही नवी नव्हती.

मी हे सगळं वाचत बसलो त्याला कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या आईची हाडांची घनता तपासली. टी-स्कोअर उणे दोनच्या आसपास आला. उणे एक ते उणे अडीच या पट्ट्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. म्हणजे हाडं विरळ होऊ लागलेली असतात, पण अजून ऑस्टिओपोरोसिस म्हणावं इतकी नसतात. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं आणि म्हणाले, "नुसतं चालून भागणार नाही, काकू. ताकदीचा व्यायाम सुरू करा." आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. तिची आई, म्हणजे माझी आजी, न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती स्वतःच्या पायांवर कधीच चालली नाही. हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण त्या दिवशी रिक्षातून येताना आम्ही दोघंही तेच आठवत होतो.

घरी आल्यावर मी मोबाइलवर वजनांचे सेट शोधायला लागलो. तिथे दोन टोकं दिसली. एका टोकाला गुलाबी, जांभळ्या रंगाचे एकेक किलोचे डंबेल्स, चित्रात हसणारी बाई. दुसऱ्या टोकाला वीस किलोचा 'होम जिम कॉम्बो', चित्रात उघड्या अंगाचा, कपाळाला आठ्या घातलेला पुरुष. आईला लागेल असं मधलं काही सहज सापडेना. मधली जागा रिकामी का, याचं उत्तर इतिहासात आहे, असं मला हळूहळू कळत गेलं.

तालमीची भिंत

आपल्याकडे वजनं घरात नव्हती, तालमीत होती. मुद्गल, करेल, दगडी नाल. यांतल्या एकाचंही वजन बदलता येत नाही. मुद्गल एकदा घडवला की तो जन्मभर तेवढाच जड. तरी पैलवान वाढत गेले, कारण तालमीत मुद्गल एक नसतो. भिंतीला लहानापासून मोठ्यापर्यंत जोड्या टेकवून ठेवलेल्या असतात. पोरगा हलक्या जोडीने सुरुवात करतो, ती अंगात मुरली की वस्ताद पुढची दाखवतो. ती भिंत म्हणजेच सेट, आणि तो सगळ्यांचा मिळून एक असतो. घरात ती भिंत मावत नाही. शिवाय बहुतेक तालमींत बायकांना पाऊल ठेवायची सोय नव्हती. तेव्हा आईसारखीच्या वाट्याला तालमीतलं काहीच आलं नाही. तिच्या वाट्याला कळशी आली.

मुद्गल एकोणिसाव्या शतकात विलायतेला गेला. हिंदुस्थानात असलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तो इथे पाहिला, आणि १८३४ साली डोनल्ड वॉकरच्या 'ब्रिटिश मॅन्ली एक्सरसायझेस' या पुस्तकात 'इंडियन क्लब' म्हणून त्याचे व्यायाम आले. पुढे अमेरिकेतही त्याची लाट आली, १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर क्लब फिरवण्याची स्पर्धाही झाली. पण प्रवासात मुद्गल बारीक झाला. दिवाणखान्यात आणि शाळेच्या पटांगणात पोचेपर्यंत तो बाटलीच्या आकाराचा, हलका, रंगवलेला लाकडी तुकडा उरला होता.

अशाच हलकेपणाचा मोठा प्रचारक म्हणजे बोस्टनचा डिओ लुईस. १८६२ साली त्याचं 'द न्यू जिम्नॅस्टिक्स फॉर मेन, विमेन अँड चिल्ड्रन' हे पुस्तक निघालं. लोखंडाचे जड डंबेल्स शरीर आखडवतात, म्हणून डंबेल्स लाकडाचे असावेत, असं त्याचं म्हणणं. या माणसाला कमी लेखता येणार नाही. बायकांनी आणि मुलांनी व्यायाम करावा हे त्याने छापून सांगितलं, ज्या काळात बायकांना घामही येऊ नये अशी अपेक्षा होती. पण एका हाताने त्याने दार उघडलं आणि दुसऱ्या हाताने मर्यादाही आखली. बायकांनी उचलावं, पण हलकंच. माझ्या मोबाइलवरचा तो गुलाबी डंबेल मला या लाकडी डंबेलचाच पणतू वाटतो.

सँडोची पेटी

दोरीवर वाळत असतं ते सँडो बनियन ज्याच्या नावाचं, तो युजेन सँडो १८६७ साली प्रशियातल्या कोनिग्जबर्गमध्ये जन्मला. लंडन आणि अमेरिकेच्या रंगमंचांवर तो जड बारबेल्स उचलून दाखवायचा. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली, आणि त्याच्याबरोबर परीक्षक म्हणून बसलेल्यांत शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल होता. १९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. तोपर्यंत त्याचं नाव इथे आधीच पोचलं होतं, कारण त्याचं सामान आणि पुस्तकं टपालाने जगभर जात होती.

त्या सामानात होतं काय? १८९७ सालच्या त्याच्या 'स्ट्रेंग्थ अँड हाउ टू ऑब्टेन इट' या पुस्तकात हलक्या, काही पौंडांच्या डंबेल्सचे व्यायाम आहेत आणि वयानुसार तक्ते आहेत. वजन तेच ठेवायचं, आवर्तनं वाढवत न्यायची. नंतर त्याने स्प्रिंगचा डंबेल काढला. दांडा मधोमध उभा चिरलेला, दोन फाकांमध्ये स्प्रिंगा. व्यायामभर मूठ आवळून त्या दाबून धरायच्या. रंगमंचावर जो माणूस जड लोखंड उचलायचा, तो घरी मात्र हलकं सामान पाठवत होता. माझा अंदाज साधा आहे. हलकी वस्तू टपालाने पाठवायला स्वस्त पडते, ती कुणाच्या पायावर पडून बोट मोडत नाही, आणि ती पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येत नाही.

सँडोचं सामान मागवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी होते. तेव्हा ते गादीवर आले नव्हते, साधारण माझ्याच वयाचे होते. त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे की १८९७ साली त्यांनी सँडोची सगळी उपकरणं आणि पुस्तकं विकत घेतली, आणि तब्बल दहा वर्षं त्याबरहुकूम नियमाने व्यायाम केला. दहा वर्षं! आपल्यातल्या किती जणांच्या जिमच्या मेंबरशिप दहा महिने टिकतात? त्यानंतर त्यांनी सँडोचा नाद सोडला आणि सूर्यनमस्कार हाती घेतले. पुढे औंध संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू झाले, त्यांनी त्यावर पुस्तकं लिहिली, आणि १९३८ साली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे त्यांचं पुस्तक लंडनमधून निघालं. आज जगभर योगाच्या वर्गांत सूर्यनमस्कार घातले जातात, त्यामागे औंधचा वाटा मोठा आहे.

ही गोष्ट सहसा 'परदेशी उपकरणं विरुद्ध देशी व्यायाम' अशी सांगितली जाते. मी ती जरा वेगळी वाचतो. सँडोचा हलका डंबेल आणि सूर्यनमस्कार यांची वाढीची रीत एकच आहे. ओझं ठरलेलं, संख्या वाढवायची. फरक एवढाच की नमस्कारात ओझं म्हणजे आपलं स्वतःचं अंग. ते काही पौंडांपेक्षा कितीतरी जड असतं, फुकट असतं, आणि टपालखर्च शून्य. मोजणी तीच ठेवायची असेल तर नमस्कार हा जास्त फायद्याचा सौदा होता. त्यातून दमसास, लवचीकता आणि शिस्त मिळते. ओझं मात्र वाढत नाही. आणि ज्या अंगाला ते सुरुवातीलाच झेपत नाही, त्याच्यासाठी ते कमीही करता येत नाही.

मायलोचं वासरू

ओझं वाढवत नेण्याची कल्पना याहून फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात दक्षिण इटलीतल्या क्रोटॉन या ग्रीक वसाहतीत मायलो नावाचा पैलवान होता. दंतकथा अशी की तो रोज एक वासरू उचलायचा. वासरू वाढत गेलं, तसा तोही वाढत गेला, आणि शेवटी त्याने पुरा बैल उचलला. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर कथेत खोट आहे. वासराचं वजन रोज सरासरी अर्धा-पाऊण किलो वाढतं, माणसाची ताकद त्या वेगाने फार काळ वाढू शकत नाही. पण कथेचा गाभा खरा आहे. वासरू हा वजन बदलणारा पहिला सेट, आणि त्याची पायरी इतकी लहान की आज आणि उद्यातला फरक हातांना कळत नाही.

फिलाडेल्फियाच्या ॲलन कॅल्व्हर्टने याच पैलवानाचं नाव आपल्या कंपनीला दिलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने सँडोला पाहिलं होतं. १९०२ साली त्याने 'मायलो बारबेल कंपनी' काढली. गोळ्यांच्या पोटात छरे भरून वजन बदलायचे बारबेल्स त्याआधीही होते, पण ते कसरतपटूंकडे असत. कॅल्व्हर्टने वजन कमीजास्त करता येणारा सेट आणि सोबत व्यायामाचा पाठ अशी पेटी सामान्य गिऱ्हाइकाच्या घरी पोचवण्याचा धंदा उभा केला. तालमीची आख्खी भिंत एका दांड्यावर आली. घरातल्या व्यायामाच्या इतिहासात मला हाच सगळ्यांत मोठा शोध वाटतो, कारण त्याने जागेचा प्रश्न सोडवला.

लोकांच्या मनातली भीती मात्र जाईना. जड वजनांनी स्नायू आखडतात, माणूस ताठर होतो, हृदयावर ताण येतो, असं डॉक्टर आणि खेळांचे प्रशिक्षकसुद्धा सांगत. बायकांच्या बाबतीत तर विचारायलाच नको. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाची ॲबी स्टॉक्टन ही तरुणी टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर बसून काम, त्यामुळे वजन वाढलेलं. (वाचक आयटीतले असतील तर त्यांना हे समजावून सांगायला नको.) तिच्या मित्राने, पुढे नवरा झालेल्या लेसने, तिला डंबेल्स आणून दिले. १९४४ पासून ती 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' मासिकात बायकांसाठी वजनांच्या व्यायामाचं सदर लिहायला लागली, आणि १९४७ साली तिने बायकांची अधिकृत वेटलिफ्टिंग स्पर्धा भरवायला हातभार लावला. ऑलिंपिकला तिथपर्यंत पोचायला २००० साल उजाडलं. त्या वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक आणलं. आईला ते आठवतं. पेपरमधला फोटो तिने शाळेच्या फळ्यावर चिकटवला होता.

तीन सेट, दहा रेप

जिममध्ये पहिल्या दिवशी ट्रेनर सांगतो, "तीन सेट, दहा-दहा रेप." हा मंत्र कुठून आला याचा मी कधी विचार केला नव्हता. तो एका लष्करी इस्पितळातून आला.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेले सैनिक पडून होते. महिनोन्‌महिने अंथरुणावर राहून त्यांच्या मांड्या वाळल्या होत्या. तेव्हाची रीत म्हणजे हलकं ओझं, भरपूर आवर्तनं. थॉमस डिलॉर्म हा तरुण डॉक्टर स्वतः वजनं उचलणारा होता. लहानपणी त्याला संधिज्वर झाला होता आणि त्यातून उठल्यावर त्याने वजनांनीच अंग कमावलं होतं. त्याने उलटं केलं. सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधून त्यावर वजन चढवायचं. रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन शोधायचं. ताकद वाढली की वजन वाढवायचं. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्सबरोबर त्याने पद्धत आणखी सुटसुटीत केली. दहाचा पहिला सेट त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरा तीन-चतुर्थांशाने, तिसरा पूर्ण वजनाने. तीन सेट, दहा रेप.

त्यातली खरी गोष्ट दहा किंवा तीन या आकड्यांत नाही. प्रत्येक रुग्णाचं ओझं त्याच्या आजच्या ताकदीवरून ठरत होतं, बाई की बुवा, तरुण की म्हातारा यावरून नाही. आणि ते दर आठवड्याला नव्याने ठरत होतं. मायलोचं वासरू इस्पितळात आलं होतं, फक्त आता त्याची नोंद ठेवली जात होती.

नोंदीची आवड तशी जुनीच. १७७२ साली बेंजामिन फ्रँकलिनने मुलाला लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे की व्यायाम किती झाला हे वेळ किंवा अंतरावरून ठरवू नये, अंगात किती ऊब आली यावरून ठरवावं. मग तो डंबेलचा हिशेब देतो. चाळीस वेळा फिरवला की नाडी मिनिटाला साठवरून शंभरवर जाते, सेकंद काट्याच्या घड्याळाने मोजलेली. तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. हातावर स्मार्टवॉच बांधून फिरणाऱ्यांचा हा मूळ पुरुष!

डिलॉर्मचं म्हणणं म्हाताऱ्यांनाही लागू पडतं का? १९९० साली अमेरिकेत मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे जड वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आणि हाडं? ऑस्ट्रेलियात 'लिफ्टमोर' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. पाळी थांबलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका. अर्ध्याअधिक नाही, सगळ्याच आईसारख्या. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलायचा व्यायाम केला, तोही खरोखर जड. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कण्याची घनता वाढली, दुसऱ्याची घटली. देखरेखीचा मुद्दा मी मुद्दाम लिहितो आहे. हे वाचून कुणी आपल्या आईला उद्या पन्नास किलो उचलायला लावू नये. आम्हीही आधी तीन महिने फिजिओथेरपिस्टकडे जाऊन नुसतं वाकायचं कसं हे शिकलो.

पायऱ्यांचं गणित

मग पुन्हा प्रश्न तोच, घरी आणायचं काय? इतिहास वाचल्यावर मी 'किती किलोचा सेट' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि 'किती पायऱ्यांचा सेट' असं विचारायला लागलो.

समजा वीस किलोचा एक सेट आहे. त्यात अडीच किलोच्या चार प्लेट आणि पाच किलोच्या दोन. सोबत दीड-दीड किलोचे दोन आखूड रॉड. दोन्ही हातांत सारखे डंबेल्स हवे असतील, तर प्रत्येक रॉडच्या दोन्ही बाजूंना सारख्या प्लेट लागतात, म्हणजे प्रत्येक प्लेट चारच्या संख्येत हवी. पाचच्या दोनच आहेत, त्या जोडीला निरुपयोगी. उरतात दोन पायऱ्या. रिकामा रॉड, म्हणजे दीड किलो, आणि त्यानंतर एकदम साडेसहा. चौपटीहून मोठी उडी. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने ती उडी मारायची कशी?

आता दुसरा सेट बघा. अर्धा किलोच्या चार प्लेट, सव्वा किलोच्या चार, अडीच किलोच्या चार. मिळून सतरा किलो, रॉड धरून वीस. प्रत्येक बाजूला तीन प्रकारच्या प्लेट, प्रत्येक एकतर आहे किंवा नाही. कॉम्प्युटरवाल्यांना हे लगेच कळेल, दोनाचा घन, आठ. पायऱ्या होतात दीड, अडीच, चार, पाच, साडेसहा, साडेसात, नऊ, दहा. वजन जवळपास तेवढंच, पायऱ्या दोनाच्या आठ. आणि जड उचलायचं असेल तेव्हा सगळ्या प्लेट एकाच रॉडवर चढवून दोन्ही हातांनी धरला की साडेअठरा किलो.

यात एक विरोधाभास आहे. लहान पायरीची गरज सगळ्यांत जास्त असते ती सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसाला. वीस किलो उचलणाऱ्याला अडीच किलो वाढवले तर वाढ साडेबारा टक्के. पाच किलो उचलणाऱ्याला तेच अडीच म्हणजे पन्नास टक्के. पण लहान प्लेट सहज मिळतात कुठे? स्पर्धेच्या सामानात. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंगमध्ये २००५ पर्यंत अडीच किलोच्या पटीत वजन वाढवत, त्यानंतर एक किलोच्या पटीत वाढवायला लागले. जगातल्या सगळ्यांत ताकदवान माणसांना एका किलोची पायरी मिळाली, आणि नवशिक्याच्या पेटीत मात्र उडीच आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. स्वस्त पीव्हीसी प्लेटच्या आत सिमेंट भरलेलं असतं. बिडाची घनता काँक्रीटच्या साधारण तिप्पट, त्यामुळे त्याच वजनाची सिमेंटची प्लेट जाडजूड होते आणि आखूड रॉडवर दोन-तीन चढवल्या की जागा संपते. वजन वाढवत न्यायचं असेल तर बिडाच्या बऱ्या. प्लेटच्या भोकाचा व्यास रॉडशी जुळतो का ते बघा. ऑलिंपिक मापाच्या रॉडचं टोक पन्नास मिलिमीटरचं असतं, घरगुती रॉड त्याच्या निम्म्याच्या आसपास. टोकाला आटे असलेला आणि नट फिरवून घट्ट होणारा रॉड घ्या, प्लेट डोक्यावर सरकायला नको. आणि जमीन खचेल ही भीती सोडा. आपल्याकडच्या मानकानुसार राहत्या घराची खोली दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून आखतात. वीस किलोने तिला काही होत नाही. त्रास होतो तो आपटण्याचा. रबरी मॅट टाका, वजन हाताने खाली ठेवा. मुक्या घंटेने मुकंच राहावं, खालच्या मजल्यावरही माणसं राहतात.

आणि पैसे नसतील तर? बाटलीत पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. याहून बारीक पायऱ्यांचा सेट अजून कुणी बनवलेला नाही.

आईला हे सगळं मी उत्साहाने समजावत होतो तेव्हा ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "अरे, भरलेला सिलिंडर बाल्कनीतून आत कोण आणतं? तू ऑफिसात असतोस." भरलेला सिलिंडर. आत चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस, वर लोखंडाचं वजन, मिळून तीस किलोच्या घरात. सँडो, लुईस, ते गुलाबी डंबेल, कुणीच हे ओझं हिशेबात धरलं नव्हतं. बायका जड उचलतच होत्या. फक्त ते पायरीपायरीने नव्हतं, त्याची नोंद नव्हती, आणि त्याला व्यायाम म्हणत नव्हते.

तो सेट घरात येऊन सात महिने झाले. आई मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायाम करते. आकडे कालनिर्णयच्या चौकटीत लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. जमिनीवरून दोन्ही हातांनी उचलायला तिने चार किलोने सुरुवात केली, आता सोळावर आहे. एक महिना सर्दी-तापात गेला तेव्हा ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि पुन्हा चढली. खाली उतरता येणं हीसुद्धा पायऱ्यांचीच सोय. हाडांचं काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही, पुढची तपासणी डिसेंबरात आहे. एवढं दिसतं की पाटावरून उठताना ती आता हात टेकत नाही.

परवा शुक्रवारी तिने रॉड मॅटवर ठेवला, नॅपकिनने हात पुसले आणि म्हणाली, "साडेअठराच्या पुढे यात जागा नाही ना रे? मग पाचच्या दोन मागवून ठेव."